‘अहो’ आणि ‘आलं’

पहिला पूल मागे पडला तेव्हा मी वहिनींना पुन्हा एकदा गप्प राहायला सांगितलं.

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ऐकलंत ना? ऑपरेशनपर्यंत घशाला विश्रांती.”

“ऐकलं. ऐकायला घसा लागत नाही.”

“आणि आता बोलताय त्याला?”

“हे बोलणं नाही गं. ही आपली पुटपुट.”

“पुटपुटसुद्धा नको म्हणाल्या. कुजबुजल्याने जास्त ताण येतो म्हणाल्या.”

“मग काय, मोठ्याने बोलू?” वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता खोकला आला, म्हणून दोघी कठड्याला टेकून थांबलो.

नदीवर धुकं उतरलं होतं. दुपार होती, पण ऊन कुठून येतंय ते कळत नव्हतं. पलीकडचा काठ मधूनच दिसायचा, मधूनच पुसून जायचा. हॉस्पिटलपासून आमच्या गल्लीपर्यंत बस येते. वहिनी तिच्याकडे पाठ करून चालायला लागल्या होत्या. म्हणाल्या, बसमध्ये ओरडून बोलावं लागतं, नदीच्या कडेने गेलं की हळू बोललेलंही नीट ऐकू येतं. मला ते खरं वाटलं. पाण्याशेजारी शब्द लवकर विरत नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. घशात, आवाज जिथून निघतो तिथेच, गाठ आहे. ती काढायला हवी. जिवाला भीती नाही. पण नंतर आवाज राहील का, आणि राहिला तर कसा राहील, ते आधी सांगता येणार नाही. घोगरा होईल, किंवा नुसता वारा वाहिल्यासारखा होईल. बाई तरुण होत्या, चांगल्या होत्या, समजावून सांगत होत्या. वहिनींनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

“हाक मारता येईल का?”

“कोणाला?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. जसं काही ते आता मीच समजावून सांगायचं होतं. एका माणसाचं सगळं आयुष्य हाक मारण्यात गेलं आहे, हे दवाखान्यातल्या स्टुलावर बसून कसं सांगायचं?

वहिनींचे वडील नावाडी होते. याच नदीवर, पण पुष्कळ वर, जिथे पूल नव्हता. नाव एका काठाला आणि माणसं दुसऱ्या काठाला असं नेहमीच असायचं. पलीकडून कोणी ओरडलं की वडिलांना ऐकू यायचं नाही, ते वल्ह्याच्या आवाजात असायचे. मग लहानशी वहिनी काठावरच्या दगडावर उभी राहून त्यांना हाक द्यायची. कोण आलंय, किती घाईत आहे, सामान जड आहे की हलकं, सगळं त्या हाकेतूनच कळवायचं.

“शब्द पाण्यावर फेकायचा असेल ना,” वहिनी चालता चालता म्हणाल्या, “तर त्याचं शेपूट लांब ठेवायचं. आखूड शब्द मधेच बुडतो.”

“कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. शब्द बुडाले तेव्हा कळलं.”

वहिनी मोठ्या झाल्यावर एक तरुण माणूस त्याच नावेतून पलीकडे जायचा आणि काही काम नसल्यासारखा परत यायचा. शहरात त्याच्या वडिलांचा लहानसा कॅफे होता आणि तो तिथे स्वयंपाक करायचा. आठवड्याच्या सुट्टीला अंडी आणायला म्हणून निघायचा. वहिनींच्या वडिलांच्या लक्षात आलं, की हा अंडी एका काठाला घेतो आणि ती घेऊन दुसऱ्या काठाला जाऊन परत येतो. बोलायचा काहीच नाही. वहिनी दगडावरून ओरडायच्या आणि हा धुक्यात उभा राहून ऐकायचा.

“मला बघायच्या आधी त्यांनी मला ऐकलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “नंतर मी कधी विचारलं, की आधी बघितलं असतंत तर? तर म्हणाले, चाललं असतं.”

“चाललं असतं?”

“एवढंच. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.”

आमच्या गल्लीतला तो कॅफे ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. बाहेरची खोली लांबट, लाकडी टेबलं, कडेने बाकं, रस्त्याकडे मोठी काच. थंडीत ती काच आतून वाफेने इतकी भरते, की बाहेरून जाणारी माणसं पाण्यातून चालल्यासारखी दिसतात. मागच्या भिंतीत एक चौकोनी खिडकी. तिच्या पलीकडे स्वयंपाकघर. खिडकी अशी आहे, की आतल्याला बाहेरचं माणूस दिसत नाही, नुसते हात आणि ताटं दिसतात. वहिनींच्या सासऱ्यांच्या वेळी तिथे घंटी होती. घंटी वाजवायची आणि आत जाऊन काय हवं ते सांगायचं. वहिनी आल्या आणि घंटी बंद पडली. त्या बाहेरूनच सांगायला लागल्या.

नवऱ्याला नावाने हाक मारायची त्यांच्या तोंडाला सवय नव्हती. म्हणून प्रत्येक ऑर्डर ‘अहो’ने सुरू व्हायची. “अहो, दोन सूप.” “अहो, एक ऑम्लेट, मिरची नको.” आणि आतून प्रत्येक वेळी एकच उत्तर, “आलं.” दिवसभर ‘अहो’ आणि ‘आलं’. एकदा एक नवखा माणूस माझ्या टेबलाशी बसला होता. त्याने हळूच विचारलं, “इथे सगळ्यात आलं घालतात का हो? मला पथ्य आहे.”

कॅफेच्या पाटीची गोष्टही तशीच. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी सासऱ्यांनी जुनी पाटी उतरवून नवी रंगवायला घेतली. रंगवणारा शिडीवर उभा होता. त्याने दारातून विचारलं, नाव काय टाकायचं? वहिनींना काय ठाऊक. त्या खिडकीकडे वळल्या आणि म्हणाल्या, “अहो…” तेवढ्यात आत दूध उतू गेलं. सगळे आत धावले. बाहेर येऊन बघतात तर लाल रंगात ‘अहो’ लिहून तयार, आणि रंगवणारा शेवटची मात्रा नीट करतोय. सासरे हसून हसून दाराला धरून उभे राहिले. म्हणाले, राहू दे, नाहीतरी दिवसभर इथे तेच ऐकू येतं. तेव्हापासून गल्ली म्हणते, चल, ‘अहो’त जाऊ. आत जो स्वयंपाक करतो त्याला सगळे अहोभाऊ म्हणतात, आणि बाहेर हाक मारतात त्या सगळ्यांच्या वहिनी. मीही म्हणते. अहोभाऊंचं खरं नाव मला, पोस्टात काम करत असूनही, उशिरा कळलं.

हो, मी पोस्टात होते. काउंटरवर. वहिनी मला अजून पोस्टबाई म्हणतात. पोस्ट त्याच गल्लीच्या टोकाला, म्हणून दुपारचं खाणं मी वर्षानुवर्षं ‘अहो’तच खाल्लं. सूप, टोस्ट, कधी उकडलेला बटाटा. काही थोर खाणं नव्हे. पण तिथे बसलं की वेळ जरा सैल व्हायचा. चमच्यांचे आवाज, वाफ, आणि मधून मधून ती हाक. मी डोळे मिटून ऐकत बसायचे आणि मला वाटायचं, आपण कुठल्यातरी काठावर बसलोय आणि नाव येतेय.

खूप दिवस ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक ‘अहो’ वेगळा असतो. गिऱ्हाईक घाईत असेल तर तुटका. दमून आलेलं असेल तर ‘हो’ लांबायचा. म्हातारं माणूस असेल तर शेवटी खाली उतरायचा. आणि आतून जे ताट यायचं ते त्याप्रमाणे यायचं. मागितलेलं एकच, सूप. पण कोणाला पातळ, कोणाला दाट, कोणाच्या टोस्टच्या कडा काढलेल्या. मी एकदा वहिनींना विचारलं, हे तुम्ही दोघांनी ठरवलंय का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

“काय ठरवलंय?”

“हाकेतून कळवायचं.”

“मी नुसतं अहो म्हणते बाई. तुला पोस्टात बसून सगळ्यात चिठ्ठ्या दिसतात.”

माझे यजमान गेले, त्यानंतर मी कामावर परत आले त्या दुपारी मी सवयीने तिथे जाऊन बसले. काही मागितलं नव्हतं. वहिनी जवळ आल्या नाहीत. खिडकीशी जाऊन फक्त “अहो” म्हणाल्या. पुढे काहीच नाही. सूप नाही, टोस्ट नाही. आतून “आलं” आलं, पण जरा उशिराने. मग एका वाडग्यात बटाटा कुस्करून, वर लोणी सोडलेला, इतका मऊ, की चावावं लागू नये. मी तो खाल्ला. त्या दिवशी दुसरं काही खाता आलं नसतं.

मी रोज सकाळी हात जोडते. फार काही मागत नाही, मागताना मला संकोच वाटतो. पण त्या वाडग्यापासून मला एक समजलं आहे. आपण हाक मारतो तेव्हा काय हवंय ते सगळं सांगावं लागत नाही. आज वहिनी तपासणीला आत गेल्या होत्या तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी नुसतं “देवा” म्हटलं आणि पुढचं सोडून दिलं.

“तुझ्या मनात काय चाललंय?” वहिनींनी विचारलं. आम्ही दुसऱ्या पुलाखाली आलो होतो. तिथे आवाज घुमतो.

“काही नाही.”

“काही नाही कसं? अशी चालतेस जशी काही मीच तुला उचलून नेतेय.”

“तुम्ही अहोभाऊंना कसं सांगणार, त्याचा विचार करत होते.”

पुलावरून गाड्या गेल्या, त्यांची घरघर पाण्यावरून सरकत गेली.

“आमची मुलगी पहिल्यांदा बोलली ना, ती ‘आई’ नाही म्हणाली,” वहिनी म्हणाल्या. “काउंटरखाली पाळण्यात असायची. मी खिडकीतून हाक मारली आणि हिने खालून उत्तर दिलं, ‘आलं’. ते आतून बाहेर आले. कधी नव्हे ते बाहेर आले, पीठ लागलेल्या हातांनी. मी म्हटलं, बघा, तुमचीच आहे. आता ती लांब राहते. फोनवर बोलते. त्यांना फोनवर बोलायचं जमत नाही. मीच दोन्हीकडचं बोलते.”

मग त्या म्हणाल्या, “घरात आम्ही फार बोलत नाही. तुला वाटेल, बोलत असतील. नाही. जे काही बोलायचं ते खिडकीतून. घरी गेल्यावर दोघंही गप्प. म्हणजे भांडण नाही हं. दिवसभराचं संपलेलं असतं.”

मला तेव्हा कळलं, की वहिनी घशाला भीत नव्हत्या. त्या खिडकी बंद होण्याला भीत होत्या.

गल्लीत शिरलो तेव्हा धुकं आमच्याबरोबर आत आलं होतं. ‘अहो’ची काच नेहमीसारखी भरलेली. आत पिवळा उजेड आणि हलणारे आकार. दार उघडलं तर ऊब तोंडावर आली. काउंटरवर वहिनींची धाकटी जाऊ उभी होती. ती परगावाहून दोन दिवसांसाठी मदतीला आली होती. वहिनी हॉस्पिटलात आणि अहोभाऊ चूल सोडू शकत नाहीत, मग काउंटरवर कोणीतरी हवं म्हणून.

“काय म्हणाले डॉक्टर?” तिने लगेच विचारलं.

वहिनींनी बोट ओठांवर ठेवलं आणि मग त्याच बोटाने टेबलाकडे दाखवलं.

“अगंबाई, बोलायचंच नाही? मग मी काय समजू, बरं की वाईट?”

“भूक लागलीय असं समज,” वहिनी म्हणाल्या. “आम्ही दोघी गिऱ्हाईक. कुठे बसू?”

“तुमच्याच घरात विचारताय होय. बसा कुठेही.”

आम्ही काचेशेजारी बसलो. मी कितीतरी दुपारी तिथे बसले आहे, पण वहिनी समोरच्या बाकावर बसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या. त्याही इकडेतिकडे बघत होत्या, पाहुण्यासारख्या. छताकडे बघून म्हणाल्या, “इथून बरं दिसतं की. मला वाटायचं अंधारं असेल.”

जावेने खिडकीत तोंड घातलं. “भाऊजी, दोन सूप.”

तिला दीर थोरला, तेव्हा ती भाऊजीच म्हणणार. सरळ, स्पष्ट, ठणठणीत आवाज. आतून “आलं” आलं. सूप आलं. गरम होतं, मीठ बरोबर होतं, नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. वहिनींनी एक चमचा घेतला आणि तोंडात धरून राहिल्या.

“कसं आहे?” मी विचारलं.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “कोणालाही चालेल.”

पलीकडच्या टेबलाशी घड्याळवाले आजोबा बसले होते. समोरच्या दुकानात ते घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचे दात कधीचे गेलेत, आणि कवळी ते खिशात ठेवतात कारण ती टोचते. जावेला हे कुठून माहीत असणार. त्यांच्यासमोर टोस्ट होता कडक, कडांसकट. आजोबांनी तक्रार केली नव्हती. ते एकेक तुकडा सुपात बुडवून, तो मऊ व्हायची वाट बघत होते. मधेच बोटाने दाबून बघायचे. वाट बघायची त्यांना सवय असेल.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग चमचा खाली ठेवला आणि उठल्या.

“वहिनी, बोलायचं नाहीये,” मी म्हटलं.

त्या खिडकीशी गेल्या. जाऊ बाजूला सरकली. वहिनींनी दोन्ही हात खिडकीच्या लाकडावर ठेवले, रोज ठेवतात तसे, आणि म्हणाल्या, “अहो.”

सगळ्या वाटेत त्या पुटपुटत होत्या. हा आवाज तो नव्हता. खरखरीत होता, कडेला फाटलेला होता, पण त्याचं शेपूट लांब होतं. आतली भांडी वाजायची थांबली.

“घड्याळवाल्या आजोबांचा टोस्ट मऊ,” वहिनी म्हणाल्या. आणि त्याच सुरात, एका ऑर्डरनंतर दुसरी सांगावी तसं म्हणाल्या, “आणि डॉक्टरीणबाई म्हणतात गाठ काढायची. जिवाला काही नाही. आवाजाचं सांगता येत नाही. राहील, नाही राहील.”

आजोबांचं बोट सुपातच राहिलं. काचेवरून पाण्याचा एक थेंब ओघळत खाली आला, तेवढंच काय ते चालू होतं. मी मनात पुन्हा “देवा” म्हटलं, आणि पुन्हा पुढे काही सुचलं नाही.

आतून उत्तर येईना. जाऊ माझ्याकडे बघायला लागली. वहिनी हलल्या नाहीत. त्या दगडावर उभ्या राहून वाट बघत असतील तेव्हा अशाच दिसत असतील असं मला वाटलं, धुक्यात, समोरचं काही दिसत नसताना.

मग आतून आवाज आला. “आलं.” थोडं थांबून पुन्हा, “लक्षात आलं.”

त्या खिडकीतून मी ऐकलेलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य. त्यामागून एक बशी आली. टोस्ट दुधात भिजवलेला, कडा काढलेल्या. बशी लाकडावर ठेवल्यावर तो हात आत गेला नाही. वहिनींच्या हाताशेजारी तसाच राहिला. पिठाचा, भाजल्याच्या जुन्या डागांचा हात. बोटं एकमेकांना लागली की नाही ते मला माझ्या जागेवरून दिसलं नाही, आणि मी मान वळवून सुपाकडे बघायला लागले.

जावेने बशी आजोबांना नेऊन दिली. “सांगायचं ना आजोबा, कडक आहे म्हणून.”

“नव्या माणसाला कशाला त्रास,” आजोबा म्हणाले.

वहिनी परत येऊन बसल्या. त्यांनी सूप संपवलं, अगदी वाडगा तिरका करून. चेहरा रडलेला नव्हता, पण लांबून चालत आल्यावर असतो तसा होता, आणि आम्ही खरंच लांबून चालत आलो होतो. काचेवर त्यांनी बोटाने एक लहानसा गोल पुसला आणि त्यातून बाहेर बघितलं.

“पोस्टबाई,” त्या म्हणाल्या, “तू आता रिकामी असतेस ना?”

“निवृत्त आहे. रिकामी म्हणू नका.”

“बरं, निवृत्त. जाऊ परवा जाईल. तिची सून अवघडलीय, तिला थांब म्हणता येत नाही. ऑपरेशननंतर मला किती दिवस बोलता येणार नाही, देव जाणे. खिडकीशी तू उभी राहशील?”

“मी? वहिनी, माझा आवाज ऐकलाय का तुम्ही?”

“ऐकलाय की. पोस्टातला आहे. शिक्का मारल्यासारखा.”

“मग?”

“मग काय. आत ऐकू गेला म्हणजे झालं. मी शेजारी बसेन. कोणाला काय हवं ते तुला हाताने दाखवेन.”

मी विचार केला. खिडकीकडे पाहिलं. आत पुन्हा भांडी वाजायला लागली होती.

“काय म्हणून हाक मारू? अहोभाऊ म्हणू, नेहमी म्हणते तसं?”

वहिनींनी मान हलवली. नाही. मग माझा हात धरून पुढे वाकल्या आणि अगदी हळू, पुटपुटण्यापेक्षाही हळू म्हणाल्या, “ते तेवढं नको. नुसतं सूप सांग, टोस्ट सांग. पण लगेच नको सांगूस. आधी थोडं थांब. ‘अहो’ला जेवढा वेळ लागतो ना, तेवढं थांब, आणि मग सांग.”